मार्क म्हणजे मार्क

मंडळी, बँकेच्या पासबुकात जो आकडा असतो तो जागच्या जागी राहिला आणि त्याची किंमत मात्र नाहीशी झाली, तर फिर्याद कोणाकडे करायची? चोरी झालेली नाही. बँक बुडालेली नाही. खाली कारकुनाची सही आहे, शिक्का आहे. सगळे कायदेशीर आहे आणि हातात काही नाही! जर्मनीतल्या लाखो कुटुंबांवर १९२३ साली असा प्रसंग आला. त्यांची हकीकत आज सांगायची आहे. तीत राजे नाहीत, सेनापती फारसे नाहीत. शाळामास्तर आहेत, पोस्टातले बाबू आहेत, पेन्शनवर जगणाऱ्या विधवा आहेत, आणि कर्ज फिटल्यामुळे खूश झालेले शेतकरीही आहेत. ती खुशी किती टिकली ते पुढे येईलच.

मार्क हे जर्मनीचे तेव्हाचे नाणे. (गुरुजींनो, परीक्षेतल्या मार्कांशी याचा संबंध नाही, पण वाटले तितके वाटले की मार्कांना किंमत उरत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.) १९१४ पर्यंत हा मार्क सोन्याला बांधलेला होता. नोट घेऊन बँकेत गेले की सोन्याचे नाणे मिळे. अमेरिकेच्या एका डॉलरला ४ मार्क २० फेनिग, हा भाव वर्षानुवर्षे हलला नव्हता. अशा देशात माणूस काटकसरीने राहतो आणि शिल्लक टाकतो. गावोगावी नगरपालिकांच्या बचत बँका होत्या. त्यांत मास्तरांनी पैसे ठेवायचे आणि बँकेने ते घर बांधणाऱ्याला नाहीतर शेतकऱ्याला गहाणावर द्यायचे, अशी रीत. सरकारी रोख्यांवर तर एवढा विश्वास, की अनाथ मुलांचा पैसा पालकाने गहाणखतात किंवा सरकारी रोख्यांतच गुंतवावा असा कायदाच होता. धंद्यात घालाल तर बुडेल, सरकारकडे ठेवाल तर सुरक्षित. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे शब्द आपण ऐकले असतील.

असा एक मास्तर डोळ्यांपुढे आणू या. वीस-पंचवीस वर्षे नोकरी करून त्याने दहा हजार मार्क साठवले आहेत. १९१४ च्या भावाने हे जवळजवळ २,४०० डॉलर होतात. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. मुलीचे लग्न, आजारपण, म्हातारपण, सगळे त्यात बसवलेले.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. सरकारने पहिल्याच आठवड्यात नोटेच्या बदल्यात सोने देणे बंद केले. युद्धाला पैसा लागतो, तो कर बसवून उभा करता येतो. इंग्लंडने काही अंशी तसा केला. जर्मनीचे अर्थखाते १९१५ च्या सुरुवातीला कार्ल हेल्फेरिख यांच्याकडे आले. त्यांनी कर टाळले आणि लोकांकडून कर्ज काढले. हिशेब असा, की युद्ध आपणच जिंकणार आणि खर्च हरलेल्या शत्रूकडून वसूल करणार. (समोरच्या बाजूचा हिशेबही काही निराळा नव्हता.) युद्धाच्या चार वर्षांत शेकडा पाच व्याजाचे रोखे नऊ वेळा विक्रीला काढले. शाळांतून मुले घरोघर पाठवली, चर्चमधून सांगितले, भिंतीवर चित्रे लावली. या नऊ कर्जांतून सुमारे ९,८०० कोटी मार्क उभे राहिले. रोखे घेणाऱ्यांत मोठ्या पेढ्या होत्याच, पण आपला मास्तरही होता. बायकांनी सोन्याचे दागिने दिले आणि बदल्यात लोखंडाचे घेतले. १९६२ साली आपल्या बायाबापड्यांनी हातातल्या बांगड्या उतरवून दिल्या होत्या. तेव्हा ही भावना आपल्याला परकी नाही.

युद्ध हरले. नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसर पळून हॉलंडला गेला आणि प्रजासत्ताक आले. नव्या सरकारच्या पदरात काय पडले, तर जुन्या राज्याचे सगळे कर्ज, परत आलेले सैनिक, युद्धविधवा, अपंग, आणि वर जेत्यांची नुकसानभरपाई. ती १९२१ मध्ये १३,२०० कोटी सुवर्ण-मार्क ठरली. मार्क का कोसळला याचे उत्तर जर्मनीतल्या प्रत्येकाने तेव्हा आपापल्या सोयीचे दिले. सरकार म्हणाले, भरपाईमुळे. जेते म्हणाले, तुम्ही मुद्दाम नोटा छापता म्हणून. खरे पाहता दोन्हींत तथ्य आहे, पण जास्त वजन छापखान्याला द्यावे लागते. खर्च जास्त आणि कर कमी, ही युद्धातली सवय शांततेतही सुटली नाही. कर बसवावा तर गादी जाईल. आणि नवे प्रजासत्ताक इतके अशक्त, की श्रीमंतांवर कर बसवताच ते उजवीकडून ओरडत, मजुरी रोखताच डावीकडून संप होत. नोट छापल्यावर मात्र त्या दिवशी कोणीच ओरडत नसे.

२४ जून १९२२ रोजी परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ यांचा बर्लिनच्या रस्त्यात खून झाला. उरलासुरला विश्वास त्या दिवशी गेला. जुलै १९२२ मध्ये एका डॉलरला सुमारे ५०० मार्क पडू लागले. भरपाईचे कोळसा-लाकूड वेळेवर आले नाही म्हणून ११ जानेवारी १९२३ रोजी फ्रान्स आणि बेल्जियमची फौज रूर या कोळशाच्या मुलखात शिरली. जर्मन सरकारने तिथल्या कामगारांना सांगितले, काम बंद करा, असहकार करा, पगार आम्ही देऊ. देशाभिमानाचा क्षण होता, नाकारता येत नाही. पण बसून राहिलेल्यांचा पगार आणि बाहेरून विकत आणायचा कोळसा, हे दोन्ही कशातून? छापखान्यातून.

यापुढचे आकडे सांगताना जीभ अडखळते. जानेवारी १९२३ मध्ये डॉलरला सुमारे १८ हजार मार्क. ऑगस्टमध्ये सरासरी ४६ लाख. २० नोव्हेंबर १९२३ रोजी ४ लाख २० हजार कोटी! आपल्या लाख-कोटींच्या भाषेत हा आकडा निदान म्हणता तरी येतो. जर्मन मुलांना पाटीवर शून्ये लिहिताना जागा पुरत नसे. बर्लिनला वर्षाच्या सुरुवातीला एक पाव अडीचशे मार्कांच्या आसपास मिळे. नोव्हेंबरमध्ये त्याच पावाला वीस हजार कोटी मार्क पडले. आता आपल्या मास्तराच्या दहा हजारांचा हिशेब करा. गुरुजी, वर्गात मुलांना हे उदाहरण घालून बघा. उत्तर असे येते, की तशा दोन कोटी मास्तरांनी जन्मभराची शिल्लक एकत्र केली असती, तेव्हा कुठे एक पाव आला असता.

रोजचे जगणे कसे झाले असेल? पगार महिन्याचा होता तो आठवड्याचा झाला, मग रोजचा, आणि शेवटी काही ठिकाणी दिवसातून दोनदा. बायको कारखान्याच्या किंवा शाळेच्या दाराशी पिशवी घेऊन उभी. नवऱ्याने नोटांचे गठ्ठे तिच्या हातात द्यायचे आणि तिने धावत बाजार गाठायचा, कारण दुपारी डॉलरचा नवा भाव जाहीर झाला की दुकानदार पाट्या बदलणार. नोटा छापायला शंभरावर छापखाने आणि तीसेक कागद-कारखाने लावले होते, तरी पुरत नव्हते. घाईत एकाच बाजूला छापायचे, मागची बाजू कोरी. नगरपालिका, रेल्वे, कारखाने यांनी आपापल्या नोटा काढल्या. साध्या टपालाच्या तिकिटावर पाच हजार कोटींचा शिक्का आला. आणि राइश्सबँकेचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष रुडॉल्फ हाव्हेन्स्टाइन ऑगस्टमध्ये काय म्हणाले? लवकरच आपण एका दिवसात देशातल्या एकूण चलनाच्या दोन-तृतीयांश इतक्या नोटा काढू शकू! त्यांना त्यात आपली कार्यक्षमता दिसत होती. माणूस प्रामाणिक होता, एक पै त्याने खाल्ली नाही. पण नोटा कमी पडतात म्हणून महागाई सोसवत नाही, तेव्हा नोटा वाढवा, एवढेच त्याला समजले होते.

शहरातली माणसे मग खेड्याकडे निघाली. शेतकरी नोट घेईना; त्याला वस्तू हवी. चादरी, घड्याळे, चांदीचे चमचे, एखाद्या घरचा पियानोसुद्धा बटाट्यांच्या पोत्यावर गेला. काही ठिकाणी जमाव शेतात शिरून बटाटे उपटून नेऊ लागले आणि शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन राखण केली. शहर आणि खेडे यांच्यात त्या वर्षी जी कटुता आली, ती दोघांनीही पुष्कळ वर्षे मनात ठेवली. शहरवाल्याला वाटे, हा आमच्या भुकेवर गबर झाला. शेतकऱ्याला वाटे, माझे धान्य नेऊन मला रद्दी देतात.

आता शेतकऱ्याची खुशी. ज्याने १९१३ साली जमीन गहाण टाकून दहा हजार मार्क काढले होते, त्याला १९२३ च्या उन्हाळ्यात तेवढी रक्कम दोन-चार पावांच्या किमतीत फेडता आली. पिढ्यान्‌पिढ्यांचे गहाणखत मोकळे! उद्योगपतींनी तर बँकेकडून कर्ज काढून खाणी, गिरण्या, जहाजे, हॉटेले घेतली आणि कर्ज कवडीमोलाने फेडले. हुगो श्टिन्नेस नावाच्या कोळसेवाल्याने असे शेकडो कारखाने गोळा केले. पण सर्वांत मोठा ऋणको कोण होता? स्वतः सरकार. ते ९,८०० कोटींचे युद्धरोखे नोव्हेंबर १९२३ च्या भावाने नव्या मार्काच्या दहा फेनिगांनाही महाग झाले. लक्षात घ्या, ज्या मास्तराने देशासाठी पैसे दिले, त्याचे देणे देशाने दहा पैशांत मिटवले. त्या एकट्याचेच नव्हे, सगळ्या राष्ट्राचे मिळून दहा पैसे.

थांबवणे कठीण नव्हते, हे सगळ्यांत चीड आणणारे आहे. ऑगस्टमध्ये गुस्ताव श्ट्रेझेमान पंतप्रधान झाले. २६ सप्टेंबरला त्यांनी रूरचा असहकार मागे घेतला. शिव्या खाल्ल्या, पण घेतला. १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क नावाचे नवे चलन आले. जमीन आणि कारखाने यांवर बोजा चढवून त्याच्या आधारावर ते काढले, आणि मुख्य म्हणजे किती काढायचे याची हद्द बांधली. एक नवा मार्क म्हणजे जुने एक लाख कोटी. २० नोव्हेंबरला डॉलरचा भाव कायम झाला आणि योगायोग असा, की त्याच दिवशी हाव्हेन्स्टाइन वारले. काही आठवड्यांत दुकानांत लोणी, मांस, कापड दिसू लागले. माल होताच, किंमत सांगता येईल असा पैसा नव्हता.

स्थिरतेचे बिलही आले, आणि ते कोणाच्या नावे फाटले? सरकारी खर्च कापायचा म्हणून ऑक्टोबर १९२३ च्या हुकुमाने नोकरकपात सुरू झाली. पुढच्या काही महिन्यांत रेल्वे-टपाल धरून जवळजवळ चार लाख माणसे कमी केली. लग्न झालेल्या बायकांना आधी काढले. म्हणजे ज्या घराची शिल्लक गेली होती, त्याच घरातली नोकरीही गेली.

आता त्या शीर्षकातल्या वाक्याकडे येऊ. ठेवीदार कोर्टात गेले. म्हणाले, आम्ही सोन्याचा मार्क दिला, आम्हांला कागदाचा मार्क परत का? कायद्याचे उत्तर साधे होते : मार्क म्हणजे मार्क. ऋणकोने आकडा फेडला की कर्ज फिटले. हे उत्तर न्यायाधीशांनाही गिळवेना. तेही पगारदार, त्यांचीही पासबुके. २८ नोव्हेंबर १९२३ रोजी लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयाने एका गहाणाच्या खटल्यात निकाल दिला, की सचोटीचे तत्त्व या आकड्याच्या वर आहे; कागदी नोट देऊन जुने गहाण सोडवता येणार नाही. सरकार दचकले. असे सगळे दावे मान्य केले तर नुकतेच सावरलेले चलन पुन्हा हलेल, अशी त्याची भीती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. त्याने पुनर्मूल्यन मनाई करायचा विचार चालवला, तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये न्यायाधीशांच्या संघटनेने जाहीर कळवले, की असा कायदा न्यायालय कदाचित मानणार नाही. कायद्याचे एवढे पक्के भक्त असलेल्या देशात ही केवढी गोष्ट! शेवटी फेब्रुवारीत सरकारने गहाणांचे शेकडा १५ कबूल केले. सरकारी रोख्यांवर, तूर्त काही नाही.

मग निवडणुका आल्या. डिसेंबर १९२४ च्या प्रचारात जर्मन-राष्ट्रीय पक्षाने ठेवीदारांना पूर्ण भरपाईची आशा लावली. डार्मस्टाटचे न्यायाधीश गेओर्ग बेस्ट हे पुनर्मूल्यनाचे मोठे पुरस्कर्ते. त्यांना पक्षाने आपल्या यादीतून निवडून आणले. मते मिळाली, जानेवारीत पक्ष सरकारात गेला, आणि खुर्चीवरून खजिना दिसताच बोलणे बदलले. १६ जुलै १९२५ चा कायदा झाला : गहाणांना शेकडा २५, सरकारी रोख्यांना शेकडा अडीच. ज्यांनी रोखे पहिल्यापासून जपून ठेवले होते त्यांना सोडतीने थोडे जास्त, तेही तीस वर्षांत हप्त्याहप्त्याने. सत्तरीच्या म्हातारीने सोडतीची वाट पाहायची! लोकांनी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्याकडे धाव घेतली. युद्धरोखे घ्या असे सांगणाऱ्या काळाचे ते सेनापती, सही करणार नाहीत अशी आशा होती. त्यांनी सही केली. बेस्ट पक्ष सोडून बाहेर पडले.

मला विचाराल तर खरे नुकसान इथे झाले. पैसा १९२३ मध्ये गेला होता. तो युद्धाने गेला, असे म्हणून माणूस सोसतो. ते हकनाक नव्हते अशी समजूत घालतो. पण मागणी घेऊन तो रीतीप्रमाणे कोर्टात गेला, मतपेटीकडे गेला, राष्ट्राध्यक्षांकडे गेला, आणि प्रत्येक दारातून परत आला. शिवाय व्याजावर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना मदत हवी असेल तर गोरगरिबांच्या मदत-कचेरीत रांग लावायची आणि घरात काय काय चीजवस्तू आहे ते लिहून द्यायचे, असे ठरले. ज्या बाईने नोकराणी ठेवली होती तिला त्या रांगेत उभे राहताना काय वाटले असेल, ते मी सांगायला नको. १९२६ मध्ये ठेवीदारांनी स्वतःचा पक्ष काढला. घरमालक-दुकानदारांचा निराळा होताच. त्याने १९२८ मध्ये २३ जागा मिळवल्या. जुन्या मोठ्या पक्षांतून मध्यमवर्ग असा थेंबथेंब गळू लागला.

आणि शेतकरी? त्याची खुशी दोन-तीन वर्षे टिकली. नव्या मार्कात कर भारी आणि व्याजही भारी. खत, बियाणे, यंत्र यांसाठी पुन्हा कर्ज, आणि डुकरांचे, धान्याचे भाव उतरलेले. जानेवारी १९२८ मध्ये उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात एकाच दिवशी गावोगावी मिळून लाखावर शेतकरी रस्त्यावर आले. पुढे त्यांनी काळे निशाण काढले, त्यावर पांढरा नांगर आणि लाल तलवार. लिलावाला आलेल्या अधिकाऱ्यांना हुसकावले, कर भरायचे नाकारले, काहींनी सरकारी कचेऱ्यांत बाँबही ठेवले. सावकारी आणि जप्तीचा इतिहास आपल्या दख्खनलाही ठाऊक आहे. त्यामुळे हे चित्र आपल्याला चटकन कळेल.

आपल्या इरावतीबाई कर्वे १९२८ च्या अखेरीस मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या. त्या गेल्या तेव्हा बाजार स्थिर होता, दुकाने भरलेली होती. १९३० साली त्या परतल्या, तोवर मंदी आली होती. हाइनरिख ब्र्यूनिंग पंतप्रधान झाले. १९२३ ची धास्ती इतकी, की त्यांनी नेमके उलटे केले : नोटा नकोत, कर्ज नको, खर्च कापा. संसदेला बाजूला ठेवून राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमांनी सरकारी पगार दोन वर्षांत जवळजवळ पाचव्या भागाने उतरवले. मास्तर पुन्हा सापडला, या वेळी दुसऱ्या बाजूने. जुलै १९३१ मध्ये एक मोठी बँक कोसळली आणि साऱ्या बँकांची दारे काही दिवस बंद राहिली. १९३२ च्या सुरुवातीला बेकार साठ लाखांवर गेले.

हिटलरच्या पक्षाला मे १९२८ मध्ये शेकडा २.६ मते होती. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ झाली. महागाईने हिटलर आणला, असे पुस्तकांतून सरसकट लिहितात. ते बरोबर नाही. १९२३ च्या नोव्हेंबरात त्याने म्युनिकला बंड केले ते एका रात्रीत फसले होते आणि १९२८ पर्यंत त्याला कोणी विचारत नव्हते. त्याच्यामागे लोक गेले ते मंदीत आणि बेकारीत. पण गेले कोण, हे पाहिले तर त्यांत ते श्लेस्विग-होल्स्टाइनचे शेतकरी होते, आणि छोट्या छोट्या पक्षांत भटकून दमलेला तो शहरी मध्यमवर्ग होता. तुमचे कोणी ऐकले नाही, असे त्याने त्यांना सांगितले. ते खरेच होते. त्याचे बाकीचे सांगणे खोटे होते.

ठेवीदारांना त्याने काय दिले? १९३३ च्या जुलैपर्यंत त्याच्या पक्षाखेरीज सगळे पक्ष बंद झाले, तेव्हा मागणी करायला जागाच उरली नाही. शस्त्रांचा खर्च त्याने लपवलेल्या हुंड्यांवर आणि लोकांच्या बचतीवर चालवला. या वेळी रोखे घ्या म्हणून दारोदार न फिरता, बँकांतला पैसा परस्पर उचलून. युद्ध पुन्हा हरले. २० जून १९४८ रोजी पश्चिम जर्मनीत नवा मार्क आला. माणशी ४० मार्क रोख मिळाले, पुढे आणखी २०. बचत खात्यातल्या दर शंभर जुन्या मार्कांना अखेर साडेसहा नवे. १८८० साली जन्मलेल्या आपल्या मास्तराने, जगला असेल तर, हा दुसरा हिशेबही पाहिला.

आता शेवटची एक नोंद. १९२४ आणि १९३० साली जर्मनीने भरपाई देण्यासाठी परदेशांतून, मुख्यतः न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारांतून कर्जे काढली होती. ती हिटलरने थकवली. १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीने ती पुन्हा मान्य केली. त्यांच्या थकलेल्या व्याजाचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी चुकता झाला. देशातल्या युद्धरोख्यांचे प्रकरण १९२५ च्या शेकडा अडीचवरच मिटले होते.